मूळ संहिता आणि उत्तरतंत्र : चिकित्सालय व औषधालयाच्या डेटाबेसला जोड-मॉड्यूलांची पुरवणी

सुश्रुतसंहितेची रचना वाचक वैद्यांस ठाऊक आहेच. सूत्र, निदान, शारीर, चिकित्सा व कल्प अशी पाच स्थाने, त्यांचे मिळून १२० अध्याय. आणि त्यापुढे ६६ अध्यायांचे उत्तरतंत्र. शालाक्य, कौमारभृत्य, भूतविद्या आदी विषय त्यात आले. बहुसंख्य अभ्यासक उत्तरतंत्राला नंतरची भर मानतात. ही भर घालताना मूळ १२० अध्यायांपैकी एकाचाही क्रम बदलला नाही, ही गोष्ट आमच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. चरकसंहितेचे तसे झाले नाही. दृढबलाने कल्पस्थान व सिद्धिस्थान यांचे बारा-बारा अध्याय पूर्ण केले, त्याबद्दल वाद नाही; परंतु चिकित्सास्थानात जे सतरा अध्याय त्याने भरले ते नेमके कोणते, यावर विद्वानांत आजही मतभेद आहेत. कारण ती भर मूळ स्थानाच्या आतच मिसळली गेली.

ग्रंथांच्या बाबतीत हा वाद विद्वत्तेचा विषय होतो. आपल्या चिकित्सालयातील रुग्णनोंदी आणि औषधालयातील साठ्याच्या नोंदी यांच्या बाबतीत मात्र तोच प्रकार घडला तर औषध चुकीच्या हाती जाते. प्रस्तुत लेखात संबंधाधिष्ठित, म्हणजेच रिलेशनल, डेटाबेसला जोड-मॉड्यूले कशी लावावीत व कोठे लावू नयेत याचा विचार करावयाचा आहे. आज्ञा टंकित करण्याचे काम आपला संगणक-तंत्रज्ञ करील. परंतु त्याला काय सांगावयाचे हे वैद्याला व फार्मसीचालकाला कळले पाहिजे.

मूळ तक्ते

इ. एफ. कॉड यांनी १९७० साली आयबीएम या कंपनीत असताना संबंधाधिष्ठित डेटाबेसची कल्पना मांडली. तिचे सार असे, की प्रत्येक प्रकारच्या वस्तूचा एक स्वतंत्र तक्ता असावा, प्रत्येक वस्तूची नोंद एकदाच व्हावी, आणि दोन तक्त्यांमधील नाते क्रमांकाने जोडले जावे. आपल्या व्यवसायात द्रव्य, योग, बॅच, बिल, रुग्ण असे पाच मुख्य तक्ते पुरतात. एका योगात अनेक द्रव्ये व एक द्रव्य अनेक योगांत, हे नाते सांगणारा घटकांचा तक्ता त्यांच्या मधोमध येतो. त्याच न्यायाने कच्च्या मालाचा कोणता लॉट कोणत्या बॅचमध्ये गेला, हे सांगणारा सातवा तक्ता उत्पादक फार्मसीने ठेवावा. २००० साली आलेल्या शेड्यूल टीप्रमाणे उत्पादकाला बॅचच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. त्या याच तक्त्यांत बसतात.

या साध्या मांडणीचा उपयोग अडचणीच्या दिवशी कळतो. समजा, रास्नेचा एक लॉट संशयास्पद निघाला. रास्ना हे संदिग्ध द्रव्य आहे हे आपण जाणतोच. उत्तरेकडे प्लुचिया लॅन्सिओलाटा आणि दक्षिणेकडे अल्पिनिया गलंगा, म्हणजे आपले कुलिंजन, याच नावाने वापरले जाते, आणि सोलापूरच्या बाजारात दोन्हीकडचा माल येतो. तो लॉट महारास्नादि काढ्याच्या कोणत्या बॅचमध्ये गेला, त्या बॅचच्या बाटल्या कोणत्या बिलांवर गेल्या आणि आज त्या कोणत्या रुग्णांच्या घरी आहेत, हे लॉटपासून रुग्णापर्यंतच्या साखळीने काही क्षणांत कळते. साखळीची एक कडी जरी ‘इतर’ नावाच्या रकान्यात हरवली, तरी सगळी बिले हाताने चाळावी लागतात.

आणि बहुतेक ठिकाणी ती कडी हरवलेलीच असते. आमच्या पाहण्यातील एका औषधालयात दर वर्षी नवी गरज निघाली की मूळ तक्त्यातच एक रकाना वाढवीत गेले. ‘नाव २’, ‘जुने नाव’, ‘इतर १’, ‘इतर २’, ‘शेरा’. आरोग्यवर्धिनीच्या पाच नोंदी झाल्या; एका नोंदीत साठा शून्य आणि फडताळात बाटल्या भरलेल्या. कोणता रकाना कोणी, कशासाठी घातला, हे सांगणारे माणूस आता तेथे नाही. दृढबलाच्या सतरा अध्यायांचा वाद तो हाच.

जोड-मॉड्यूल म्हणजे काय

सुरुवातीच्या डेटाबेसना अंक, अक्षरे व दिनांक एवढेच कळत असे. बँका व कारखाने यांचे त्यावर भागले. परंतु नकाशा, आकृती, कालखंड अशा वस्तू त्यात बसेनात. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ च्या सुमारास ‘पोस्टग्रेस’ या प्रकल्पात निराळा मार्ग धरला. डेटाबेसच्या गाभ्याला हात न लावता बाहेरून त्याला नवा माहितीप्रकार, नवी तुलना आणि शोधण्याची नवी रीत शिकविता आली पाहिजे, असे त्यांचे उद्दिष्ट होते. स्टोनब्रेकर यांना पुढे २०१४ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पोस्टग्रेसचेच पुढचे रूप म्हणजे १९९६ पासून या नावाने चालत आलेला पोस्टग्रेएसक्यूएल. तो विनामूल्य आहे आणि विंडोज व लिनक्स या दोहोंवर चालतो. या लेखातील सर्व उदाहरणे त्याचीच आहेत.

२००१ साली कॅनडातील एका कंपनीने काढलेले ‘पोस्टजीआयएस’ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध जोड-मॉड्यूल. पृथ्वीवरील स्थाने व त्यांमधील अंतरे ते डेटाबेसला समजावून देते. वनौषधी कोणत्या डोंगरावर मिळाली याची नोंद ठेवणाऱ्या संस्थांना ते उपयोगी आहे. आपल्या दुकानाला त्याची गरज नाही.

पूर्वी अशी मॉड्यूले लावताना शेकडो सुटी सूत्रे डेटाबेसमध्ये ओतावी लागत, आणि प्रतिलिपी घेतली की ती सूत्रे आपल्या नोंदींत मिसळून बाहेर येत. २०११ साली आलेल्या ९.१ या आवृत्तीपासून ‘क्रिएट एक्स्टेन्शन’ ही एकच आज्ञा पुरते. मॉड्यूलचे सर्व भाग एका गाठोड्यात राहतात, त्याला नाव व आवृत्ती-क्रमांक असतो, आणि ‘ड्रॉप एक्स्टेन्शन’ या आज्ञेने ते सबंध गाठोडे काढता येते. उत्तरतंत्र वेगळे ओळखू यावे अशी ही व्यवस्था आहे. २०२० च्या तेराव्या आवृत्तीपासून काही मॉड्यूले ‘विश्वासपात्र’ ठरविण्यात आली असून ती लावण्यास सर्वाधिकारी संकेतशब्द लागत नाही. ज्याला त्या डेटाबेसमध्ये नवे काही निर्माण करण्याचा अधिकार आहे त्याला ती लावता येतात. खाली ज्यांचा विचार केला आहे ती सर्व या वर्गातील आहेत.

नामभेदाचा प्रश्न

आपल्या व्यवसायातील सर्वांत मोठी अडचण नावांची आहे. सोलापुरात तर ती दुप्पट होते. पूर्वभागातील विणकराच्या घरची आजी ‘करक्काय’ मागते, अक्कलकोटकडचा शेतकरी ‘अळलेकाई’ म्हणतो, ग्रंथात हरीतकी आहे आणि व्यापाऱ्याच्या पावतीवर हिरडा. गुळवेलीला तेलुगूत तिप्पतीगे, कन्नडात अमृतबळ्ळी. निर्गुडीला वाविली आणि लक्की. काउंटरवर बसलेल्या मुलाने यांपैकी कोणतेही नाव टंकित केले तरी योग्य द्रव्य समोर आले पाहिजे.

येथे दोन निराळे प्रश्न एकत्र झालेले असतात आणि ते वेगळे केल्याशिवाय उत्तर सापडत नाही. पहिला लेखनभेदाचा : शतावरी–शतावरि, चंद्रप्रभा–चन्द्रप्रभा. दुसरा पर्यायभेदाचा : गुळवेल, गुडूची, अमृता.

लेखनभेदासाठी ‘पीजी-ट्रायग्राम’ हे मॉड्यूल आहे. ओलेग बार्तुनोव्ह व तेओदोर सिगायेव्ह या रशियन संगणकतज्ज्ञांनी ते लिहिले. त्याची रीत अशी : प्रत्येक शब्दाच्या आधी दोन व नंतर एक रिकामी जागा धरून त्याचे तीन-तीन चिन्हांचे तुकडे पाडावयाचे, आणि दोन शब्दांतील समान तुकड्यांच्या संख्येला एकूण भिन्न तुकड्यांच्या संख्येने भागावयाचे. देवनागरीत व्यंजन एक चिन्ह व मात्रा दुसरे चिन्ह मोजली जाते. त्यामुळे ‘शतावरी’ या शब्दात श, त, काना, व, र, दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे होतात आणि त्यांचे सात तुकडे पडतात. ‘शतावरि’ चेही सात. त्यांतील पाच समान, शेवटचे दोन निराळे. म्हणजे एकूण भिन्न तुकडे नऊ. पाच भागिले नऊ, साम्य ०.५६. मॉड्यूलची ठरलेली मर्यादा ०.३ आहे, तिच्याहून साम्य अधिक म्हणून नोंद सापडते.

आता ‘गुळवेल’ व ‘गुडूची’ घ्या. पहिले दोन तुकडे तेवढे समान. दोन भागिले बारा, ०.१७. नोंद सापडत नाही. आणि सापडू नये हेच बरे, कारण अक्षरांवरून पर्याय ओळखणे हे या मॉड्यूलचे काम नव्हे. पर्यायांसाठी आपला स्वतःचा तक्ता हवा : नाव, भाषा आणि द्रव्याचा क्रमांक. द्रव्याच्या मूळ तक्त्यात मात्र प्रमाण नाव एकच राहील. हा पर्यायांचा तक्ता करताना एक नाव एकाच द्रव्याला बांधू नये. निघंटूंत ‘अमृता’ हा शब्द गुडूचीसाठी आहे तसाच हरीतकीसाठीही आहे. नाव टंकित केल्यावर दोन्ही द्रव्ये समोर आली पाहिजेत. उलट बाळहिरडा व सुरवारी हिरडा यांना हिरड्याचे पर्याय म्हणून त्या तक्त्यात टाकणे चूक आहे. त्यांचा भाव वेगळा, वापर वेगळा, साठा वेगळा. ते मूळ तक्त्यात स्वतंत्र क्रमांकानेच राहिले पाहिजेत. हे ज्ञान संगणक-तंत्रज्ञाकडे नसते. पर्यायांचा तक्ता वैद्यानेच भरावा, आणि तेलुगू-कन्नड नावांसाठी आपल्या दुकानातील जुन्या मदतनीसांना शेजारी बसवावे. ग्रंथांपेक्षा त्यांची यादी या कामी अधिक भरवशाची ठरते असा आमचा अनुभव आहे.

साम्यशोधाचा एक धोका विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे. ‘योगराज’ व ‘महायोगराज’ या दोन शब्दांचे तुकडे पाडून पाहा. पहिल्याचे सात, दुसऱ्याचे दहा, समान पाच, एकूण भिन्न बारा. साम्य ०.४२, म्हणजे ठरलेल्या मर्यादेच्या वर. काउंटरवर योगराज शोधला की महायोगराजही यादीत येणार. प्रचारातील महायोगराज गुग्गुळात वंग, रौप्य, नाग, लोह, अभ्रक व मंडूर यांची भस्मे आणि रससिंदूर असते. गर्भिणीला अथवा वृक्कविकाराच्या रुग्णाला केवळ अक्षरसाम्यावरून ते दिले जाणे किती घातक, हे वैद्यांना सांगावयास नको. मर्यादा ०.५ वर नेली तर महायोगराज यादीतून जाईल, पण त्याबरोबर खरे लेखनदोष असलेली कितीतरी नावेही जातील. लक्ष्मीविलास व लक्ष्मीनारायण ही जोडीही अशीच एकमेकांशेजारी येत राहील. म्हणून मर्यादेच्या आकड्यात उपाय शोधू नये. उपाय असा, की शोधाने केवळ संभाव्य नावांची यादी दाखवावी, पहिले नाव आपोआप निवडू नये. आणि योगाच्या मूळ तक्त्यात ‘खनिज-धातुयुक्त’ व ‘शेड्यूल ई-१ मधील विषद्रव्ययुक्त’ असे दोन होय-नाही रकाने असावेत, जे यादीत नावासमोर ठळक अक्षरांत छापले जातील. हे दोन रकाने कोणत्याही मॉड्यूलवर अवलंबून ठेवू नयेत. योगात नाग वा वत्सनाभ आहे ही गोष्ट त्या योगाच्या स्वरूपाची आहे. तिचे स्थान मूळ तक्त्यातच. आमच्याकडे बिल छापण्यापूर्वी या दोन वर्गांतील औषधांसाठी वैद्याच्या संमतीची खूण लागते. काउंटरवर थोडा वेळ जातो, तो जाऊ द्यावा.

देवनागरीच्या बाबतीत तीन व्यावहारिक अडचणी येतात. जुन्या नोंदी शिवाजी, आकृती, श्रीलिपी अशा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकित असतील तर डेटाबेसला त्या इंग्रजी चिन्हांचा गोंधळ वाटतात. त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतात. दुसरी अडचण लोकेलची, म्हणजे डेटाबेस निर्माण करताना निवडलेल्या भाषाव्यवस्थेची. ती ‘सी’ ठेवलेली असेल तर या मॉड्यूलला देवनागरी अक्षरे अक्षरेच वाटत नाहीत व शोध रिकामा येतो. परीक्षा सोपी आहे. ‘शो-ट्रायग्राम’ या सूत्राला शतावरी हा शब्द द्यावा. सात तुकडे आले तर ठीक, रिकामा कंस आला तर लोकेल चुकले. तुकडे देवनागरीत न दिसता सांकेतिक आकड्यांत दिसतात, त्याने गोंधळून जाऊ नये. तिसरी अडचण जोडाक्षरांची : हलन्ताच्या चिन्हाला अक्षर मानावयाचे की नाही हे त्या त्या भाषाव्यवस्थेवर ठरते, त्यामुळे गुग्गुळ वा त्र्यूषण यांसारखा शब्द मधेच तुटू शकतो. आपल्याच यादीतील पंचवीस-तीस नावे चुकीची लिहून पाहावीत आणि काय सापडते ते तपासावे. एवढ्या लहान यादीला शोध जलद होण्यासाठी विशेष अनुक्रमणिका बांधण्याचा सल्ला तंत्रज्ञ देतील. दोन-तीन हजार नावांना तिची आवश्यकता नसते.

चंद्र–चन्द्र या भेदासाठी ‘अनअ‍ॅक्सेंट’ नावाचे मॉड्यूल वापरता येते. मूळचे ते युरोपीय अक्षरांवरील स्वरचिन्हे काढण्यासाठी आहे, परंतु त्याची नियमावली ही साधी फाईल असल्याने ‘न्द’ ऐवजी ‘ंद’ अशा आपल्या नियमांची वेगळी फाईल त्याला देता येते. ही फाईल डेटाबेसच्या आत नसून संगणकाच्या तबकडीवर असते, हे ध्यानात ठेवावे. तिची आठवण पुढे प्रतिलिपीच्या वेळी येईल.

द्रोणी एक, रुग्ण दोन

पंचकर्म करणाऱ्या वैद्यांना पुढील मॉड्यूल सर्वांत आवडेल असे वाटते. वर्षा ऋतूत बस्तीसाठी गर्दी वाढली की एकाच द्रोणीची एकच वेळ दोघांना दिली जाण्याचा प्रकार घडतो. एक वेळ स्वागतकक्षातून, एक वेळ दूरध्वनीवरून. स्नेहन होऊन स्वेदनासाठी ताटकळणारा रुग्ण ही केवळ गैरसोय नव्हे. कर्माचा क्रम बिघडतो.

साधा डेटाबेस ‘तीच द्रोणी, तीच वेळ’ एवढे रोखू शकतो, पण दहा ते पावणेअकरा आणि साडेदहा ते सव्वाअकरा या वेळा अक्षरशः सारख्या नसल्याने तो दोन्ही स्वीकारतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये कालखंड हा स्वतंत्र माहितीप्रकार २०१२ पासून आहे, आणि दोन कालखंड एकमेकांवर चढतात का हे त्याला कळते. मात्र द्रोणीचा क्रमांक सारखा असणे आणि कालखंड एकमेकांवर चढणे, या दोन अटी एकाच अनुक्रमणिकेत तपासावयाच्या तर ‘बीट्री-जिस्ट’ हे जोड-मॉड्यूल लागते. ते लावले की तक्त्यावर वर्जन-निर्बंध घालता येतो : एकाच द्रोणीवर एकमेकांवर चढणारे दोन कालखंड स्वीकारू नयेत. दुसरी नोंद कोणीही, कोठूनही केली तरी डेटाबेस ती परत पाठवितो. असाच दुसरा निर्बंध परिचारकाच्या क्रमांकावर घालावा. द्रोणी रिकामी पण परिचारिका गुंतलेली, हा प्रकारही तितकाच नेहमीचा आहे. कालखंड लिहिताना आरंभ धरावा व अखेर वगळावी, म्हणजे पावणेअकराला संपणारा आणि पावणेअकराला सुरू होणारा यांत भांडण होत नाही. द्रोणी धुऊन तयार करण्यास लागणारी पंधरा मिनिटे कालखंडातच धरावीत.

इतर काही मॉड्यूले

‘एचस्टोअर’ या मॉड्यूलमध्ये एकाच रकान्यात हव्या तितक्या नाव-मूल्याच्या जोड्या ठेवता येतात. अष्टविध परीक्षेत प्रत्येक वैद्याची नोंदण्याची रीत निराळी. नाडीचे वर्णन करणारा एक वैद्य चार शब्द लिहितो, दुसरा चौदा. अशा मोकळ्या निरीक्षणांना ते उपयोगी पडते. २०१४ पासून ‘जेसनबी’ हा याहून समर्थ प्रकार डेटाबेसच्या गाभ्यातच आल्याने नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी तोच घ्यावा. पण सोयीची भुरळ पडून औषधाची मात्रा, अनुपान, ॲलर्जी अशा गोष्टी या मोकळ्या रकान्यात जाऊ लागल्या तर ‘इतर १’ पुन्हा घरात आला म्हणून समजावे. ज्या गोष्टीवर औषध देणे वा न देणे अवलंबून आहे तिला स्वतःचा रकाना हवा.

‘पीजीक्रिप्टो’ हे मॉड्यूल माहिती कुलूपबंद करते. वंध्यत्व, मानसविकार, गुह्यरोग यांच्या नोंदी ठेवणाऱ्यांना ते आकर्षक वाटते, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर त्याची विचारणाही वाढली आहे. आमचे मत असे, की लहान चिकित्सालयाने ते सहसा वापरू नये. किल्ली त्याच संगणकात ठेवली तर कुलूप निरर्थक. किल्ली हरविली तर नोंद कायमची गेली. आणि कुलूपबंद रकान्यात शोध घेता येत नाही. शिवाय आज्ञेबरोबर पाठविलेली किल्ली सर्व्हरच्या दैनंदिनीत उतरण्याचा संभव असतो. त्याऐवजी संगणकाची सबंध तबकडी कुलूपबंद करणे, प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र प्रवेशनाव देणे आणि बिल करणाऱ्याला रुग्णवृत्ताचा तक्ता वाचण्याचा अधिकारच न देणे हे अधिक उपयोगी. शेवटच्या दोन गोष्टी डेटाबेसच्या गाभ्यातच आहेत. मॉड्यूल लागत नाही.

औषधाच्या मुदतीविषयी तंत्रज्ञ मॉड्यूल सुचवितात, तेथेही साधा जोडतक्ता पुरतो. लेबलवरील अंतिम दिनांक बॅचच्या मूळ तक्त्यात ठेवावा, कारण कायद्याने तोच बंधनकारक. शार्ङ्गधराने सांगितलेली वीर्यावधी, म्हणजे चूर्णाला दोन महिने, गुटी व लेह यांना एक वर्ष इत्यादी, कल्पनाप्रकाराच्या वेगळ्या तक्त्यात ठेवावी. मग स्वतः चूर्ण करून देणाऱ्या वैद्याला कायदेशीर मुदत शिल्लक असताही कोणते चूर्ण शास्त्रदृष्ट्या जुने झाले, ते पाहता येते. हे दोन दिनांक एका रकान्यात कधीही आणू नयेत.

संकेतांक

निदानाच्या संकेतांकांचा प्रश्नही याच पद्धतीने सोडवावा. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत पारंपरिक चिकित्सेसाठी २६ वे प्रकरण पुरवणी म्हणून जोडले. त्यातील आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांचे दुसरे मॉड्यूल २०२५ मध्ये वर्गीकरणात दाखल झाले. मूळ प्रकरणांतील संकेतांक तसेच राहिले. आयुष मंत्रालयाच्या ‘नमस्ते’ पोर्टलवरील संकेतांक २०१७ पासून उपलब्ध आहेत. आपल्या रुग्णवृत्तात निदान ‘आमवात’ असेच राहावे, आणि ‘नमस्ते’ व जागतिक संकेतांक यांसाठी निदानाच्या क्रमांकाला जोडलेला वेगळा तक्ता असावा. त्यात आवृत्तीचे वर्ष हा रकाना विसरू नये. संकेतांक बदलले की नव्या ओळी येतील, जुनी रुग्णवृत्ते हलणार नाहीत.

प्रतिलिपी व पुनर्स्थापना

जोड-मॉड्यूलांची किंमत शेवटी येथे मोजावी लागते. डेटाबेसची प्रतिलिपी, म्हणजे बॅकअप, घेतली की तीत आपले सर्व तक्ते येतात; परंतु मॉड्यूलच्या जागी फक्त ‘हे मॉड्यूल लावा’ अशी एक ओळ येते. मॉड्यूल स्वतः येत नाही. संगणक बिघडला, नवा घेतला, प्रतिलिपी चढविली, आणि नव्या संगणकावर ते मॉड्यूल बसविलेलेच नाही असे झाले तर ती ओळ अपयशी ठरते व तिच्यावर अवलंबून असलेले निर्बंध आणि अनुक्रमणिका उभ्या राहत नाहीत. तक्ते भरलेले दिसतात, कामही सुरू होते. द्रोणीवरचा निर्बंध मात्र गायब असतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. आपण केलेली अनअ‍ॅक्सेंटची नियमावलीही प्रतिलिपीत येत नाही; ती फाईल स्वतंत्र जपावी लागते.

मुख्य डेटाबेसची मोठी आवृत्ती बदलताना प्रत्येक मॉड्यूल त्या आवृत्तीसाठी उपलब्ध आहे काय, हे आधी पाहावे. वर उल्लेखिलेली मॉड्यूले, पोस्टजीआयएस सोडून, मुख्य डेटाबेसबरोबरच वितरित होत असल्याने त्यांची चिंता कमी. एखाद्या तंत्रज्ञाने खास आपल्यासाठी लिहिलेले मॉड्यूल असेल तर त्याचे मूळ लेखन, केवळ तयार फाईल नव्हे, आपल्या ताब्यात घ्यावे. मॉड्यूल काढतानाही जपावे : ‘कॅस्केड’ हा शब्द जोडून ड्रॉप केले तर त्या मॉड्यूलने दिलेल्या माहितीप्रकाराचे रकानेही माहितीसकट जातात. एचस्टोअरमध्ये तीन वर्षांची निरीक्षणे असतील तर ती एका ओळीत संपतील.

म्हणून दर तीन महिन्यांनी एखाद्या जुन्या, रिकाम्या संगणकावर प्रतिलिपी चढवून पाहावी. रुग्णांची व बॅचची संख्या दोन्हीकडे सारखी आली की तेवढ्यावर थांबू नये. ‘शतावरि’ टंकित करून शतावरी येते का ते पाहावे. ‘योगराज’ शोधून महायोगराजासमोर धातुयुक्त ही खूण छापली जाते का ते पाहावे. एकाच द्रोणीवर मुद्दाम दोन रुग्ण घालून पाहावेत. दुसरी नोंद परत आली पाहिजे. शेवटी मॉड्यूलांची नावे व आवृत्ती यांची यादी छापून प्रतिलिपीच्या तबकडीबरोबर एकाच पाकिटात ठेवावी आणि पाकिटावर दिनांक घालावा.